हबसाणची लूट आणि मुंबईचे हत्ती

केनिंग्टनकर (धागाकर्ता)

ऑफिस साउथ केन्सिंग्टनला आहे. दुपारचा डबा खाऊन झाला की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक चक्कर मारतो. तिकीट नाही, आत उबदार असतं आणि कोणी हटकत नाही. गेले काही महिने पाय आपोआप एकाच कपाटाकडे वळतात. काचेमागे सोन्याचा एक मुकुट आहे. थरावर थर चढवत नेलेला, सगळीकडे जाळीकाम, आणि पत्र्यावर ठोकून उठवलेले ख्रिस्ताचे शिष्य. दिवा वरून पडतो तेव्हा जाळीची सावली आतल्या आत हलल्यासारखी वाटते. त्याच लुटीतला सोन्याचा एक प्यालाही आहे, चर्चमध्ये पूजेला वापरतात तसला. दोन्ही इथिओपियाचे (जुन्या मराठीत हबसाण, इंग्रजांचं ॲबिसिनिया), १७४० च्या आसपासचे. सम्राज्ञी मेंतेवाब आणि तिचा मुलगा दुसरा इयासू यांनी गोंदारच्या चर्चला अर्पण केलेले.

ते इथे कसे आले हे वाचायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच 'बॉम्बे' हा शब्द भेटला. म्हणून हा धागा.

थोडक्यात हकीकत अशी. सम्राट तेवोद्रोस दुसरा १८५५ मध्ये गादीवर आला. देश एक करायचा, तोफा ओतायच्या, युरोपातून कारागीर आणायचे, अशी त्याची स्वप्नं. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं. लंडनच्या कचेरीत ते पडून राहिलं, उत्तर वेळेत गेलंच नाही. तापट माणूस तो. अपमान झाला म्हणून इंग्रज वकील कॅमेरून आणि इतर युरोपियनांना त्याने कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला फौज निघाली ती लंडनहून नव्हे, मुंबईहून. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबई लष्कराचा सरसेनापती. सुमारे १३,००० गोरे आणि हिंदी सैनिक, २६,००० बाजारबुणगे, ४०,००० च्या वर जनावरं. आणि ४४ हत्ती! मुंबईच्या बंदरातून हत्ती जहाजात चढवले, तांबड्या समुद्रात झुलाच्या किनाऱ्यावर उतरवले आणि त्यांच्या पाठीवर तोफा लादून डोंगरातून साडेसहाशे किलोमीटर चालवत नेले. एकेक हत्ती याऱ्यांनी उचलून बोटीत घेताना धक्क्यावर केवढी गर्दी लोटली असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

१० एप्रिल १८६८ ला अरोगेच्या माळावर लढाई झाली. स्नायडर रायफलींपुढे भाले आणि जुन्या बंदुका. सातशेच्या आसपास इथिओपियन मेले. इंग्रजांकडचे वीसेक जखमी, त्यातले दोन दगावले. कैदी तेवोद्रोसने सोडून दिले. तरीही १३ तारखेला मक्दलाचा डोंगरी किल्ला सर झालाच, आणि तेवोद्रोसने पिस्तूल तोंडात धरून चाप ओढला. पिस्तूल व्हिक्टोरियानेच पूर्वी भेट दिलेलं.

मग लूट. फौजेबरोबर ब्रिटिश म्युझियमचा एक माणूस होता, रिचर्ड होम्स, खिशात खरेदीसाठी १,००० पौंड. किल्ल्यावर त्याला एक गोरा शिपाई भेटला. त्याच्या हातात इथिओपियाच्या धर्मगुरूचा, आबुनाचा मुकुट आणि तीनेक किलो वजनाचा सोन्याचा प्याला. होम्सने दोन्ही मिळून चार पौंडांना घेतले. बाकीचा माल १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरांवर लादून दलांताच्या पठारावर नेला आणि तिथे दोन दिवस लिलाव झाला. आलेले पैसे फौजेत वाटले, माणशी चार डॉलरच्या किंचित वर. साडेतीनशे हस्तलिखितं ब्रिटिश म्युझियमकडे गेली, ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मला टोचतं ते हे. 'इंग्रजांनी लुटलेल्या वस्तू' म्हटलं की आपण आपोआप लुटलेल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. इथे मात्र ती खेचरं हाकणारे, हत्तींचे माहूत, सुरुंग लावणारे सॅपर्स यांतले कितीतरी आपल्या इलाख्यातले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत 'ॲबिसिनिया' आजही आहे. कोणाच्या घरात या स्वारीची काही आठवण, कागद, वस्तू आहे का? पणजोबा-खापरपणजोबा 'हबसाणात' गेले होते असं काही कानावर आलंय?

(कोहिनूर आणू नये ही नम्र विनंती.)

गोरखचिंच

जबरी धागा. हत्ती बोटीत चढवण्याचं चित्र खरंच डोळ्यांपुढे आलं.

अवांतर: हबसाण हा शब्द आता फक्त जंजिऱ्याच्या संदर्भात उरलाय. एरवी हबसाणातून माणसं इकडे यायची. मलिक अंबर तिथलाच, गुलाम म्हणून विकत विकत दख्खनेत आला आणि निजामशाही चालवली, खडकी (म्हणजे संभाजीनगर) वसवली. अडीचशे वर्षांनी आपली माणसं उलट्या दिशेने गेली ती अशी. कालाय तस्मै नमः.

रोखठोक

लेख छान, पण एकांगी. धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट: तो खजिना तेवोद्रोसने तरी कुठून आणला? १८६६ मध्ये त्याने स्वतःच गोंदार लुटलं, जाळलं, चर्चमधली भांडी, पोथ्या, मुकुट उचलून मक्दलाला नेले. अरोगेच्या आदल्या दिवशी काही शे कैद्यांना कड्यावरून ढकललं, तेही लिहा ना. आपलं टकमक टोक थिटं पडावं. मग परत द्यायचं कोणाला? गोंदारच्या चर्चला, सरकारला, की तेवोद्रोसच्या वारसांना? म्युझियमवाल्यांनी निदान दीडशे वर्षं सांभाळलं तरी.

केनिंग्टनकर

@रोखठोक, गाळलं नाही, लांबण लागेल म्हणून ठेवलं होतं. मुद्दा बरोबर आहे. याला आपल्याकडे 'चोरावर मोर' म्हणतात. पण मोर झाला म्हणून माल त्याचा होत नाही हो. आणि लंडनमध्ये तेव्हाच हे खटकलेले लोक होते. ग्लॅडस्टनने पंतप्रधान असताना १८७१ मध्ये पार्लमेंटात सांगितलं की या वस्तू इकडे आणल्याच का ते मला कळत नाही आणि त्याचा मला खेद वाटतो. म्हणजे 'त्या काळी सगळेच असं करायचे' हेही पुरतं खरं नाही.

आणि 'कोणाला द्यायचं' हा प्रश्न त्यांना कधी अडला नाही. १८७२ मध्ये इथिओपियाचा सम्राट योहान्नेस चौथा याने 'केब्रा नगस्त' ही पोथी मागितली, ती ब्रिटिश म्युझियमने परत पाठवली. १९२४ मध्ये रास तफारी (पुढचे सम्राट हैले सेलासी) लंडनला आले तेव्हा पाचव्या जॉर्जने तेवोद्रोसचा एक मुकुट परत दिला. तो चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. अस्सल सोन्याचा कुठला ते वर लिहिलंच आहे.

फडताळ

लिलाव करून पैसे वाटणे ही पद्धत आपल्याला नवी नाही. 'प्राइझ मनी'. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा 'डेक्कन प्राइझ'वरून इंग्रज सेनापतींतच लंडनमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालली: वाटा कोणाचा, किती. त्र्यंबकेश्वरचा म्हणून प्रसिद्ध असलेला नाशिकचा हिरा त्याच लुटीतला, तो लंडनच्या सराफांकडे गेला. म्हणजे मक्दलाला लिलाव पुकारणाऱ्यांना तो धडा पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच अंगणात मिळालेला होता.

हजारीमोगरा

या स्वारीचा खर्च कोणी उचलला ते कोणीच विचारलं नाही, म्हणून माझी भर.

एकूण खर्च ८५ लाख पौंडांच्या पुढे गेला. नोव्हेंबर १८६७ मध्ये पार्लमेंटात ठरलं की हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाईल, वरचा जादा खर्च ब्रिटन देईल. म्हणजे भांडण राणीचं, कैदी युरोपियन, आणि शिपायाचा पगार आपल्या शेतसाऱ्यातून. दादाभाई नौरोजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी त्याच महिन्यात ईस्ट इंडिया असोसिएशनमध्ये याच विषयावर निबंध वाचला. पुढे 'ड्रेन थिअरी' म्हणून जे आपण शाळेत घोकलं, त्याची ही अगदी सुरुवातीची ठिणगी.

गंमत पुढे आहे. सभागृहात या व्यवस्थेला विरोध करणारा एक मोठा आवाज लॉर्ड क्रॅनबोर्नचा होता. हिंदुस्थान म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रातली इंग्रजांची फुकटची बराक नव्हे, अशा अर्थाचं तो बोलला. हाच पुढे लॉर्ड सॉल्सबरी झाला. १८९७ मध्ये बेनिनवर स्वारी झाली तेव्हा पंतप्रधान कोण? लॉर्ड सॉल्सबरी.

गोरखचिंच

@हजारीमोगरा, हे माहीत नव्हतं. दंडवत. बेनिनबद्दल लिहा की कोणीतरी. त्या पितळी मुखवट्यांचे फोटो नेहमी दिसतात.

लागोसवासी

मी लिहितो, बेनिन सिटीला दोनदा जाऊन आलोय. कंपनीच्या कामाने, पण वाट वाकडी करून.

आधी घोळ मिटवू: बेनिन नावाचा देश वेगळा (जुनं दाहोमी, तिथे फ्रेंचांनी लुटलं). हे बेनिन म्हणजे नायजेरियातलं एडो लोकांचं राज्य, राजाला 'ओबा' म्हणतात. १८९६ च्या नोव्हेंबरात फिलिप्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सॉल्सबरीला लिहिलं की ओबाला पदच्युत करायची परवानगी द्या, आणि राजवाड्यात मोहिमेचा खर्च भरून निघेल एवढं हस्तिदंत सापडेल अशी आशा आहे. म्हणजे वसुलीचा हिशेब आधी, कारण नंतर. परवानगीची वाट न बघता जानेवारीत तो निघाला, तेही इग्वे उत्सव चालू असताना, जेव्हा ओबा परक्यांना भेटत नाही. वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला, दोनच गोरे वाचले. महिन्याभरात ॲडमिरल रॉसनच्या हाताखाली हजार-बाराशेंची फौज आली, १८ फेब्रुवारीला शहर पडलं, राजवाडा लुटला, तीन दिवसांनी आगीत बराच भाग जळला. ओबा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं, तो १९१४ मध्ये तिथेच वारला.

राजवाड्याच्या खांबांवर पितळी पट्टे ठोकलेले असायचे: ओबा, त्याचे सरदार, शिकारी, लांब केसांचे पोर्तुगीज. दरबाराची बखरच म्हणा, फक्त धातूत. ब्रिटिश म्युझियममध्ये आज बेनिनच्या नऊशेच्या वर वस्तू आहेत. त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं दिसतात. ती बघितली की वस्तूंपेक्षा उघडे पडलेले खांबच डोळ्यांपुढे येतात.

बेनिन सिटीत इगुन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. ओतकाम करणाऱ्या घराण्यांचा, आजही. मी गेलो तेव्हा एक म्हातारबाबा मोडक्या नळांच्या तोट्या आणि गाडीचे सुटे भाग मुशीत टाकत होते. शेजारी नातू मेणाच्या डोक्यावर मण्यांची माळ चिकटवत होता, मेणाचाच एकेक मणी, सुईच्या टोकाने. म्हटलं, नमुना कशावरून घेतोस? त्याने खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. लंडनच्या म्युझियमच्या वेबसाइटवरचा.

ओतारी_आळी

लागोसवासी साहेब, शेवटच्या ओळीने पोटात कालवलं. आमचं घराणंही ओतकामाचं, म्हणून दोन शब्द.

'ब्राँझ' म्हणतात तरी बेनिनच्या बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत. तांबं आणि कथील म्हणजे कासं, तांबं आणि जस्त म्हणजे पितळ. पद्धत मात्र आपल्या जुन्या मूर्तिकारांचीच. आधी मेणाची हुबेहूब वस्तू, त्यावर बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचा, मेण जायला वाट ठेवायची, भट्टीत मेण वितळून बाहेर, पोकळीत रस ओतायचा. साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू, बिघडली की पुन्हा मेणापासून. त्या पट्ट्यांवर भरीव आकृती आणि मागे बारीक फुलांची नक्षी एकत्र आहे. रस थोडा थंड पडला तर नक्षीत पोचतच नाही, हवा अडकली तर नाकाच्या जागी भोक. सोळाव्या शतकात हे लोक असलं काम शेकड्यांनी करत होते. तेव्हाच्या युरोपियनांनी उगाच तोंडात बोट घातलं नाही.

पितळ कुठून यायचं? पोर्तुगीज 'मनिल्ला' नावाची कडी आणायचे, कड्यांच्या बदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसंही. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी बुडालेल्या जहाजांतली कडी तपासली, तर धातू जर्मनीतल्या ऱ्हाइनलंडचा निघाला.

रोखठोक

घ्या! 'माणसंही' हा शब्द ओतारी साहेबांनी हळूच घातला. ज्या कड्यांसाठी बेनिनने गुलाम विकले, त्याच धातूच्या या मूर्ती. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांची एक संस्था म्हणतेय की यात आमचाही वाटा आहे, सगळं ओबाला देऊ नका. आणि परत दिलेल्याचं काय होतं तेही बघा. जर्मनीने २०२२ मध्ये अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढलं की सगळं ओबाच्या मालकीचं. बेनिन सिटीत मोठं नवं म्युझियम बांधलं, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या वेळी लोक आत घुसले, पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं, कार्यक्रम लांबला.

लागोसवासी

@रोखठोक, सगळं खरं. पण भांडण त्यांच्या घरातलं आहे, होऊ द्या की. वाटणीवरून भाऊ भांडतात म्हणून शेजाऱ्याने सातबारा स्वतःकडे ठेवायचा का?

चिंगूस

+१ सातबाऱ्याला.
आणि कोहिनूर? 😛

संपादक

कोहिनूरसाठी वेगळे धागे आहेत, किमान अकरा. इथे विषयाला धरून लिहावे.

हजारीमोगरा

कायद्याचं कोणी तरी सांगा. परत का देत नाहीत? मनात नाही की हात बांधलेत?

केनिंग्टनकर

दोन्ही. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा कायदा आडवा येतो. संग्रहातली वस्तू काही अपवाद सोडता देऊन टाकता येत नाही. पण ब्रिटिश म्युझियमनेच १९५० ते १९७२ दरम्यान बेनिनचे तीसेक पट्टे 'दुहेरी प्रती' म्हणून विकले किंवा बदल्यात दिले होते, काही तर खुद्द नायजेरियालाच विकत! वरती ओतारी साहेबांनी सांगितलंय की एका साच्यातून एकच वस्तू निघते. मग दुहेरी प्रत कुठली, देव जाणे.

म्हणून आता 'उसने देणे' सुरू झालंय. २०२४ मध्ये घानाच्या असांते राजाच्या कुमासीतल्या राजवाड्यात सोन्याच्या आणि इतर मिळून ३२ वस्तू गेल्या, तीन वर्षांसाठी. बहुतेक १८७४ आणि त्यानंतरच्या स्वाऱ्यांतली लूट. त्याच वर्षी साताऱ्याला वाघनखं आली, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, तीही तीनच वर्षांसाठी. इथिओपियालाही २०१८ मध्ये दीर्घ मुदतीची उसनवारी देऊ केली. त्यांनी सांगितलं, कायमचं द्या.

चिंगूस

वाघनखं महाराजांचीच याचा पुरावा नाही असं म्युझियमच म्हणतं, तरी आपण रांगा लावल्या. त्यांच्याकडे तर पक्का पुरावा आहे, तो मुकुट कुठल्या चर्चचा ते.

फडताळ

आणि रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये सरकारने लंडनच्या लिलावातून रोख मोजून आणली. एकूण तीन मार्ग दिसतात: मागून, उसनी घेऊन, विकत घेऊन. मागून मिळालेलं सगळ्यात कमी.

गोरखचिंच

धागाकर्ते, मक्दलाच्या लुटीत सम्राटाचा मुलगाही नेला होता ना? कुठेतरी वाचलंय.

केनिंग्टनकर

हो. आलेमायेहू, वय वर्षं सात. आई वाटेतच वारली. इंग्लंडला नेलं, राणीला त्याचा लळा लागला. त्याचा पालक कॅप्टन स्पीडी त्याला काही काळ हिंदुस्थानातही घेऊन आला होता. पुढे रग्बीची शाळा, सँडहर्स्टची लष्करी अकादमी. कुठेच मन रमलं नाही. १८७९ मध्ये लीड्सला छातीच्या दुखण्याने गेला, वय १८. विंडसरच्या चॅपलपाशी पुरलंय. तिथल्या पितळी पाटीवर बायबलातलं वाक्य आहे: मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत. अस्थी परत द्या अशी मागणी इथिओपियाने अनेकदा केली. २०२३ मध्ये राजवाड्याने पुन्हा नकार दिला, शेजारच्या इतरांच्या विश्रांतीत व्यत्यय येईल म्हणून.

आणखी एक. ब्रिटिश म्युझियममध्ये मक्दलाचे अकरा 'ताबोत' आहेत. ताबोत म्हणजे लाकडाची किंवा दगडाची पवित्र पाटी, प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात असते. तिच्यामुळे ते चर्च. पुजाऱ्याशिवाय कोणी बघायची नाही. सणाला मिरवणूक निघते तेव्हाही जरीच्या कापडात गुंडाळून डोक्यावर. म्युझियमने हे ताबोत एका बंद खोलीत ठेवलेत. तिथले क्युरेटरही बघत नाहीत, अभ्यास करत नाहीत, फोटो नाही, प्रदर्शन नाही. फक्त इथिओपियन धर्मगुरूंना आत जाता येतं. एडिंबराच्या एका चर्चमध्ये कपाटात असाच एक सापडला, त्यांनी तो देऊन टाकला. २००२ मध्ये अदिस अबाबात त्याच्या स्वागताला रस्ते माणसांनी भरले होते.

चिंगूस

थांबा. कोणी बघायचं नाही, दाखवायचं नाही, अभ्यास करायचा नाही. मग ठेवलंय कशाला?

केनिंग्टनकर

@चिंगूस, कायदा.

रोखठोक

हे मात्र मलाही पटत नाही. ताबोत द्यावेत. (नोंद घ्या, मी सहमत झालोय.)

तिसंगीची_सून

सहसा वाचनमात्र असते, पण धाग्यात शेवटी विचारलेल्या प्रश्नाने लिहायला भाग पाडलं.

सासरच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक चांदीचं गोल आहे. राणीछाप रुपयाहून किंचित मोठं, वर छोटा मुकुट आणि कडी. चांदणीला नऊ टोकं, मध्ये डोक्यावरून पदर घेतलेली बाई. घरात सगळे तिला 'पदराची देवी' म्हणतात. नवरात्रात माळ, एरवी रोज हळदकुंकू. कोणी आणली ते कोणालाच सांगता येत नाही. पलटणीत असलेल्या एका पूर्वजाने, एवढंच.

मागच्या गणपतीत देव उजळायला काढले तेव्हा रांगोळीने घासताना चांदणीच्या टोकांमध्ये अक्षरं लागली. एकेक करून वाचली: ए, बी, वाय, एस, एस, आय, एन, आय, ए. काही अर्थ लागेना, सोडून दिलं. मागच्या बाजूला पानांच्या वेलीत नाव होतं ते झिजून गेलंय, 'बॉम्बे' तेवढं कळतं. आज हा धागा वाचताना ती नऊ अक्षरं आठवली आणि अंगावर काटा आला.

केनिंग्टनकर

ताई!! हे ॲबिसिनिया युद्धाचं पदक आहे. पदर घेतलेली बाई म्हणजे व्हिक्टोरिया राणी. त्या पदकाच्या मागे प्रत्येक शिपायाचं नाव असायचं. कृपा करून दोन्ही बाजूंचे फोटो टाका, तिरपा उजेड पाडून नाव वाचता येईल कदाचित.

तिसंगीची_सून

आत्ताच विचारून आले. राणी वगैरे काही सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, देवघरातली वस्तू आहे, सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही, आणि फोटो तर मुळीच नाही. तेव्हा क्षमस्व.